छत्तीस एकोणीस

सलमाबादच्या गल्लीत, एसीच्या थेंबांखाली
बादली ठेवलेल्या दुकानात
इसाक मुकादम टायरला हात लावण्याआधी
हात धुतो.
हर्णैचा माणूस. सत्तावीस वर्षं बहारीनमध्ये,
तरी अजून पापलेट घ्यावं तसा टायर बघतो,
दाबून, उलटा करून, कल्ला उघडून.

माझं मागचं चाक त्याने स्टँडवर फिरवलं.
मधोमध सपाट. सित्र्याच्या रिफायनरीपर्यंतचा
सरळसोट रस्ता, रोज बत्तीस किलोमीटर,
तिथे बसून गेलेला.
कडांना मात्र साखीरचा ट्रॅक,
शुक्रवारच्या वळणांवर वितळलेलं,
गोळे धरून पुन्हा गार पडलेलं रबर,
त्यावर निळसर झाक, तव्याच्या बुडाला असते तशी.
"एकाच टायरात दोन माणसं राहतायत," मी म्हणालो.
तो हसला नाही.

"खाचा आहेत की अजून,"
मी पन्नास फिल्सचं नाणं आत घालून दाखवलं.
"खाचा पाण्यासाठी. इथे पाणी
वर्षातले चार दिवस. नख लाव."

लावलं.
ताज्या रबरात नख रुततं,
चंद्रकोरीएवढी खूण राहते, हळूहळू भरून येते.
इथे उंबरठ्याच्या दगडावर मारावं तसं
नखच वाकलं.

मग त्याने ओल्या फडक्याने बाजूची धूळ पुसली,
चार आकडे वर आले: ३६१९.
छत्तिसावा आठवडा, एकोणीस साल.
म्हणजे गणपतीचा आठवडा.
त्या वर्षी शटडाउन होतं, रजा मिळाली नव्हती,
आरती मी फोनवर ऐकली, बॉयलरच्या आवाजात.
आणि कुठल्यातरी कारखान्यात त्याच दिवसांत
हा साच्यातून गरम गरम बाहेर पडत होता.

"किती वेळा तापला?"
"मोजलं नाही."
"त्याने मोजलंय."

खरं तर मलाही कळलं होतं.
गेल्या शुक्रवारी, पाचव्या फेरीत,
नेहमीच्या वळणावर नेहमीएवढाच थ्रॉटल दिला
आणि मागचं चाक बोटभर सरकलं.
अंधारात जिना उतरताना
संपलेल्या पायऱ्यांनंतर अजून एक पायरी निघावी,
तसं पोटात.
पिटमध्ये येऊन मी हवेचा दाब तपासला,
वाऱ्याला दोष दिला, वाळूला दिला,
टायरला दिला नाही. टायरला पैसे पडतात.

"बरं, नवा घाल. पण हा फेकू नको,
ट्रॅकला नको, रस्त्याला चालेल दोन महिने."

इसाकने पाना खाली ठेवला.
"ट्रॅकवर पडलास तर पुढे मोकळी खडी आहे.
अ‍ॅम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी.
अंगात चामड्याचा सूट.
सित्र्याच्या पुलावर काय उभं असतं?
सिमेंटचा ट्रक."

मग बराच वेळ नुसता कॉम्प्रेसर बोलत राहिला.

"टेकराजला दिला होता एक. नेपाळी पोरगा,
बिर्याणी पोचवायचा. असाच टायर,
तुझ्यासारख्याच एकाने काढून ठेवलेला.
खाचा होत्या.
नोव्हेंबरातली पहाट, धुळीवर दव,
राउंडअबाउट."
बादलीत एक थेंब. अजून एक.
"पैसे नव्हते घेतले मी," तो म्हणाला,
जणू तेच सगळ्यात वाईट होतं.

खणातून सुरी काढली.
माझ्या टायरच्या बगलेत तीन चिरा दिल्या,
खोल, आरपार, घाई न करता.
आता तो कुणाच्याच उपयोगाचा नव्हता,
माझ्या काटकसरीच्यासुद्धा.

नवा चढवला. त्याच्यावर अजून
रबराचे बारीक केस होते, नवजातासारखे.
"शंभर किलोमीटर जपून.
नवासुद्धा घसरतो."

गल्लीच्या तोंडाशी सिग्नलला
डिलिव्हरीवाला एक पोरगा शेजारी येऊन थांबला.
हेल्मेटची काच वर करून माझ्या गाडीकडे बघून हसला.
मी हसायला विसरलो.
मी त्याच्या मागच्या चाकाकडे बघत होतो.